न दुखणारा पाय

उल्हासनगरच्या कॅम्प ४ मध्ये पायाच्या तक्रारीसाठी माणूस कुठे कुठे जातो, एवढे पाहिले तरी प्रश्न कुठे अडलाय ते कळते. टाचेला भेगा पडल्या की मेडिकलमधून मलम. कुरूप झाले की तिथेच कॉर्न कॅप. पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यात चिखल्या झाल्या तर हळद आणि खोबरेल, नाहीतर काउंटरवरच्या पोऱ्याने सुचवलेली पावडर. नखुरडे झाले तर घरातले ब्लेड. टाच दुखली तर हाडाचा डॉक्टर, तळव्यांची आग झाली तर गल्लीतल्या दवाखान्यात व्हिटॅमिनचे इंजेक्शन. आणि बोट काळे पडले की रिक्षा करून कॅम्प ३ मधले मध्यवर्ती रुग्णालय. लालचक्कीपासून विठ्ठलवाडी स्टेशनपर्यंत दवाखाने पावलोपावली आहेत. पण दोन्ही पाय समोर घेऊन, मोजे काढायला लावून, तळवा उलटा करून पाहणारा माणूस या सगळ्या वाटेवर कुठेच भेटत नाही. ब्रिटनमध्ये हे काम पोडिएट्रिस्ट करतो. पदवी आणि नोंदणी असलेला तो स्वतंत्र व्यावसायिक असतो. आपल्याकडे तो नाही म्हणून पाय कापले जातात आणि तो आला की वाचतील, असा निष्कर्ष यातून सहज निघतो. निदान या वस्तीपुरता तरी तो मला चुकीचा वाटतो. पाय वाचवण्याची व्यवस्था आपल्याकडे आहे, ती साठ-सत्तर वर्षे जुनी आहे आणि ती कुष्ठरोगाच्या कपाटात बंद आहे. कपाट मधुमेहासाठी उघडणे हे पहिले काम आहे. पोडिएट्रिस्टची वाट पाहणे त्यानंतरचे.

पायाच्या तक्रारींचे दोन वर्ग पडतात, दुखणाऱ्या आणि न दुखणाऱ्या. दुखणारा पाय स्वतःचे बरेच काही स्वतःच बघतो. चपलेत खडा गेला की माणूस थांबतो, फोड आला की लंगडतो, आणि लंगडल्यामुळेच त्या जागेवरचा भार कमी होऊन फोड बरा होतो. न दुखणाऱ्या पायाला हा पहारेकरी नसतो. रक्तातली साखर वर्षानुवर्षे चढी राहिली की नसा बधिर होतात, आणि त्या तीन बाजूंनी घात करतात. संवेदना जाते. तळव्यातले बारीक स्नायू रोडावून बोटे आकडेबाज होतात आणि चवड्यावर नको तिथे दाब येतो. घाम आटून कातडी कोरडी पडते, तिला चिरा जातात. दाबाच्या जागी घट्टा येतो, घट्ट्याखाली जखम होते, आणि माणूस त्याच पायाने स्टेशनचा जिना चढत राहतो. जीन्सच्या कारखान्यात दिवसभर उभे राहून इस्त्री मारणाऱ्याला तळव्यात घुसलेली चूक रात्री फरशीवर रक्ताचा ठसा दिसल्यावर कळते. भारतीय वैद्यकीय नियतकालिकांत तर जमिनीवर झोपलेल्या मधुमेहींच्या बधिर बोटांना उंदीर कुरतडून गेल्याच्या नोंदी आहेत. मांडी घालून तासन्‌तास बसणाऱ्याच्या घोट्याच्या बाहेरच्या हाडावर घट्टा येतो, पाय सुजला की जोडवी रुततात, दुपारच्या उन्हात तापलेल्या देवळाच्या फरशीवर प्रदक्षिणा घातली की तळवे भाजतात. आणि ती कॉर्न कॅप. तिच्या मधल्या टिकलीत सॅलिसिलिक ॲसिड असते. शाबूत पायाला ते झोंबते म्हणून माणूस पट्टी काढून टाकतो. बधिर पायात ते कुरूप खाऊन खालचे मांसही खाते. काही रुपयांची ही पट्टी कुठल्याही काउंटरवर मिळते आणि घेणाऱ्याला साखर आहे का, हे बहुधा कोणी विचारत नाही.

असे पाय किती असतील, याचा ढोबळ हिशोब मांडता येतो. २०११ च्या जनगणनेत उल्हासनगरची लोकसंख्या ५ लाख ६ हजार, अंबरनाथची २ लाख ५३ हजार आणि बदलापूरची पावणेदोन लाखांच्या घरात होती. तेव्हापासून बदलापूर किती फुगले, ते सकाळची लोकल सांगते. तरी जुनाच आकडा धरू. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत आणि शहरी प्रौढांत हे प्रमाण १६.४ टक्के आहे. त्या दराने या तीन गावांत मिळून लाखभर मधुमेही निघतात. त्यांच्यापैकी किती जणांच्या पायाला आयुष्यात कधी ना कधी जखम होते, याचा जागतिक अंदाज १९ ते ३४ टक्क्यांचा आहे. खालचे टोक धरले तरी सुमारे एकोणीस हजार. हा अंदाज आहे, गणती नव्हे. पण तो निम्म्याने चुकला तरी एका जिल्हास्तरीय रुग्णालयाच्या शल्यविभागाला पेलणारे हे ओझे नाही. बरी झालेली जखम वर्षभरात पुन्हा उघडण्याचे प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपास आहे, म्हणजे बरा झालेला रुग्णही रांगेतून सुटत नाही. हे काम जखम होण्याआधी आणि घराजवळच व्हायला हवे, एवढे या आकडेमोडीतून निर्विवाद निघते.

आता ते कपाट. शल्यविशारद पॉल ब्रँड १९४६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले, तेव्हा कुष्ठरोगाने मांस सडते आणि बोटे गळून पडतात, असाच डॉक्टरांचाही समज होता. ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की जखमा रोगाच्या जंतूमुळे नव्हे, बधिर पायावर पुन्हा पुन्हा त्याच जागी पडणाऱ्या दाबामुळे होतात. दाब काढला की जखम भरते. त्यातून दोन गोष्टी आल्या: संपूर्ण तळव्याला चिकटून बसणारे प्लास्टर, आणि मायक्रोसेल्युलर रबराची, म्हणजे एमसीआरची चप्पल. ब्रँड १९६६ मध्ये अमेरिकेत लुइझियानातल्या कारव्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयात गेले आणि तिथे हेच ज्ञान मधुमेहाच्या पायाला लागू झाले. आज जगातली जवळजवळ प्रत्येक मधुमेह मार्गदर्शिका तळव्याची संवेदना तपासायला दहा ग्रॅम दाबाचा जो नायलॉनचा धागा वापरायला सांगते, त्याची सीमारेषाही कारव्हिलमध्येच १९८६ च्या सुमारास ठरली. म्हणजे मधुमेही पायाचे शास्त्र जगाने कुष्ठरोगाकडून उचलले, आणि त्यातला मोठा भाग भारतात घडला होता. ज्या देशात ते घडले, तिथे मात्र कुष्ठरोग आणि मधुमेह हे दोन वेगळे कार्यक्रम, दोन वेगळे निधी आणि दोन वेगळ्या नोंदवह्या होऊन बसले.

महाराष्ट्रात हे दोन धागे जोडण्याचे प्रयत्न झालेच नाहीत असे नाही, पण ते मधुमेहतज्ज्ञांच्या बाजूने झाले. नागपूरचे डॉ. शरद पेंडसे यांनी टांझानियाच्या डॉ. अब्बास यांच्याबरोबर ‘स्टेप बाय स्टेप’ हा कार्यक्रम उभा केला. एक डॉक्टर आणि एक परिचारिका अशी जोडी निवडायची, तिला आधी प्राथमिक आणि मग पुढचे प्रशिक्षण द्यायचे, साधी अवजारे हाती द्यायची आणि आपापल्या गावी पाठवायची. पोडिएट्रिस्ट नाहीत हे गृहीत धरूनच रचलेला हा कार्यक्रम होता, आणि २००४ च्या सुमारास भारत, शेजारचे देश आणि टांझानिया इथे त्याची सुरुवात झाली. मुंबईत डॉ. अरुण बाळ यांनी शल्यक्रियेच्या अंगाने हेच काम लावून धरले आणि मधुमेही पायासाठी डॉक्टरांची देशपातळीवरची संघटना उभी करण्यात पुढाकार घेतला. या सगळ्याचे मोल मोठे आहे. तरी ही वाट डॉक्टरच्या दारातून सुरू होते, आणि न दुखणारा पाय डॉक्टरच्या दारात जात नाही. अडचण नेमकी तिथेच आहे. कुष्ठरोगाचा कार्यक्रम उलट दिशेने चालतो. त्यात माणूस रुग्णाच्या घरी जातो.

आणि तो कॅम्प ४ मध्येही जातो. आशा कार्यकर्ती तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा जो तपासणी अर्ज भरते, त्यात वय, कंबर, तंबाखू, घरातला मधुमेह यांचे गुण मांडायचे असतात. त्याच अर्जाच्या पुढच्या भागात हातापायांच्या तळव्यांना वारंवार मुंग्या येतात का आणि तळव्याला वारंवार जखम होते का, हेही विचारायचे असते. हे प्रश्न कुष्ठरोग हुडकण्यासाठी घातले आहेत. सुभाष टेकडीवरच्या एखाद्या पंचावन्न वर्षांच्या बाईने कंबरेच्या, वयाच्या आणि घरातल्या मधुमेहाच्या रकान्यांत गुण मिळवले आणि मुंग्यांनाही ‘हो’ म्हटले, तर धोक्यातला पाय त्या एका कागदावर सापडलेला असतो. पण पहिले उत्तर साखरेच्या रांगेत जाते आणि दुसरे कुष्ठरोगाच्या. अंगावर चट्टा नाही म्हणून कुष्ठरोगवाले तिला सोडून देतात, आणि साखर मोजणारे पाय पाहत नाहीत. राज्याच्या ज्या जिल्ह्यांत हत्तीपाय आहे, त्यांत ठाणेही येते; त्याच्या रुग्णाला पाय धुऊन बेचके कोरडे ठेवायला शिकवणारा तिसरा कार्यक्रम आणखी वेगळा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये त्वचेच्या दुर्लक्षित रोगांची कामे एकत्र बांधा असे सांगितले, त्यात मधुमेह नव्हता. पण धुणे, पुसणे, तेल लावणे, चप्पल घालणे ही कामे पायाला रोग विचारून करावी लागत नाहीत.

प्रत्यक्षात काय करावे लागेल? फार थोडे. इंग्लंडमधल्या इप्सविच इथे डॉ. रेमन यांनी एक तपासणी रूढ केली, तिला धागाही लागत नाही. रुग्णाने डोळे मिटायचे. तपासणाऱ्याने तर्जनीच्या टोकाने दोन्ही पायांचा अंगठा, मधले बोट आणि करंगळी अशा सहा जागांना एक-दोन सेकंद नुसता स्पर्श करायचा. दाबायचे नाही, टोचायचे नाही. स्पर्श कळला की रुग्ण ‘उजवा’ किंवा ‘डावा’ म्हणतो. सहापैकी दोन किंवा अधिक जागी कळले नाही तर पाय धोक्यात. यानंतरचे काम ‘आपला दवाखाना’चे: १ मे २०२३ पासून राज्यभर उघडलेल्या या दवाखान्यांत डॉक्टर असतो, परिचारिका असते, तिथे धाग्याची तपासणी आणि पायाची नाडी पाहणे होऊ शकते. त्याच्या वर मध्यवर्ती रुग्णालय, अंबरनाथकरांना छाया रुग्णालय. आणि चप्पल. एमसीआरचा तळ दोन बोटांत दाबला की जाडीच्या जवळजवळ निम्म्याने दबतो, त्याखाली टणक रबर असते म्हणून काटा वर येत नाही. टाचेमागे पट्टा, वर वेल्क्रो, आणि सगळी जोडणी चिकटवून, कारण बधिर पायाच्या चपलेत खिळा चालत नाही. अंगठ्याच्या चपलेला लागते तशी बोटांची पकडही तिला लागत नाही. तिचा उपयोग होतो का, हे भारतातच तपासले गेले आहे: चेन्नईच्या डॉ. विश्वनाथन यांच्या गटाने २००४ मध्ये दोनशेहून अधिक मधुमेहींची पाहणी प्रसिद्ध केली, तीत एमसीआर किंवा तशाच मऊ तळाची चप्पल वापरणाऱ्यांत नव्या जखमा ४ टक्क्यांना झाल्या आणि आपली नेहमीची पादत्राणे वापरणाऱ्यांत ३३ टक्क्यांना. एकाच केंद्राची पाहणी आहे, तिच्यावर सारी इमारत उभी करू नये. पण फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

या मांडणीवर सगळ्यात वजनदार आक्षेप वैद्यकीय आहे. कुष्ठरोग्याच्या पायात नसा मेलेल्या असतात पण रक्त सहसा नीट वाहते. मधुमेह्याच्या, त्यातून तंबाखू खाणाऱ्या किंवा विडी ओढणाऱ्या मधुमेह्याच्या पायात रक्तवाहिन्याच चोंदलेल्या असू शकतात. अशा पायाला घट्ट प्लास्टर घातले किंवा घट्टा खोलवर खरवडला, तर वाचवायला गेलेला हातच पाय घालवतो. कुष्ठरोगात कोरडा पाय साध्या पाण्यात वीस मिनिटे भिजवून, वज्रीने घासून वर तेल लावायला शिकवतात. मधुमेह्याच्या ओलसर बेचक्यांना तेवढे भिजणे मानवेलच असे नाही, आणि गरम पाणी तर वर्ज्यच. आक्षेप खरा आहे. म्हणूनच नाडी पाहणे हा या कामातला न टाळण्याचा टप्पा ठरतो: पायाच्या पाठीवर आणि आतल्या घोट्यामागे, दोन बोटांनी. नाडी लागली नाही तर चप्पल द्यायची, पण पायाला अवजार लावायचे नाही आणि चिठ्ठी देऊन वर पाठवायचे. जुन्या व्यवस्थेत एक पायरी वाढवावी लागते. त्यासाठी ती व्यवस्थाच मोडीत काढावी लागत नाही.

दुसरा आक्षेप शिकवण्याच्या उपयोगाबद्दल आहे, आणि तो मला पटतो. नुसत्या आरोग्यशिक्षणाने जखमा आणि पाय कापणे कमी होते याचा भक्कम पुरावा मिळत नाही, असे २०१४ च्या कॉक्रन आढाव्यात म्हटले आहे. आपल्याकडे मात्र मधुमेहदिनी भित्तिपत्रक लावणे, भाषण देणे आणि फुकट साखर मोजून फोटो काढणे यालाच कार्यक्रम म्हणतात. माहितीने पाय वाचत नाही. दाब काढल्याने वाचतो. तपासणीचाही उपयोग तेवढाच, जेवढे तपासणीनंतर काही हातात पडते. आशाने धोका टिपला आणि पुढे चप्पलच नसेल तर तो रकाना भरण्याचा त्रास तिला देऊ नये. तिच्या डोक्यावर आधीच कामांचा डोंगर आणि मोबदला तुटपुंजा, हा तिसरा आक्षेपही इथेच येतो. त्याला उत्तर एवढेच, की प्रश्न ती आजही विचारते. वाढते ते सहा बोटांना स्पर्श करणे, आणि त्याचा मोबदला कुष्ठरुग्ण शोधण्याच्या मोबदल्यासारखा वेगळा मोजून द्यायला हवा. फुकटात करून घ्यायचे असेल तर ते होणार नाही, आणि होऊही नये.

चौथा आक्षेप लाजेचा. एमसीआरची चप्पल बाजारपेठेत ओळखू येते. ती पायात दिसली की लोक काय म्हणतील, या भीतीने कुष्ठरोगीच ती घालायला कचरतात, तर मधुमेही कशाला घालतील? उलट बाजूनेही भीती आहे, की मधुमेहींच्या लाटेत कुष्ठरुग्णांच्या हक्काच्या चपला वाहून जातील. डिसेंबर २००५ मध्ये दर दहा हजारी एकापेक्षा कमी रुग्ण म्हणून देशाने कुष्ठरोगाचे दूरीकरण जाहीर केले, त्यानंतर या कामातली माणसे आणि कसब दोन्ही पातळ झाली. जगातले निम्म्याहून अधिक नवे रुग्ण मात्र आजही भारतातच सापडतात. इथून जवळच, कल्याणच्या कुष्ठरुग्ण वसाहतीतल्या कामासाठी माजी नौसैनिक गजानन माने यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, यावरूनच जखमांचे काम संपलेले नाही हे समजावे. पण दोन्ही भीतींवर उपाय एकच आहे. चप्पल अनेकांच्या पायात दिसू लागली की ती कोणा एका रोगाची खूण उरत नाही, आणि मागणी वाढली की तिचा पुरवठा दयेवर न राहता धंद्यावर चालतो. जे शहर हवी ती वस्तू बनवून तिच्यावर ‘मेड इन यूएसए’ छापते आणि त्याचा अर्थ उल्हासनगर सिंधी असोसिएशन असा हसत सांगते, त्याला एमसीआरच्या तळावर चार फॅशनचे वरचे भाग चढवणे जड जाऊ नये.

घरात चप्पल घालायची नाही, देवळात अनवाणीच जायचे, नवरात्रात नऊ दिवस पायात काही घालायचे नाही, हे लोक सोडणार नाहीत, असे डॉक्टर वैतागून म्हणतात. सोडायला सांगूही नये. घरासाठी वेगळी, कधीच बाहेर न नेलेली जोडी ठेवली तर विटाळाचा प्रश्न राहत नाही. बाथरूमसाठी अशी वेगळी चप्पल कितीतरी घरांत असतेच. अंबरनाथच्या शिवमंदिरात महाशिवरात्रीला जाणाऱ्या बधिर पायांच्या माणसाला दुपारऐवजी पहाटे जा आणि जाड मोजे घाल, एवढे सांगता येते. मलंगगड अनवाणी चढण्याचा नवस मात्र त्याने बोलू नये, किंवा दुसऱ्याने फेडावा. नवसांत तेवढी सवलत परंपरेनेच ठेवलेली आहे. वालधुनी नदीचे पाणी रस्त्यावर येते तेव्हाही हेच: लेप्टोस्पायरोसिसचे जंतू भेगांतून आणि चिखल्यांतून शिरतात, आणि ज्याला आपल्या पायाला भेग आहे हेच कळत नाही तो त्या पाण्यात सगळ्यात निर्धास्तपणे उतरतो.

राहिला पोडिएट्रिस्ट. केंद्राच्या २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसाय कायद्याच्या अनुसूचीत त्याचे नाव आलेले आहे, आणि हे शिक्षण मोजक्या संस्थांतून सुरू झाले तर चांगलेच. मध्यवर्ती रुग्णालयात असा एक जण असावा, पण तो वरच्या पायरीवर, अवघड पायांसाठी. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका धोक्याप्रमाणे तपासणीचे अंतर ठरवते: धोका नसेल तर वर्षातून एकदा, एकदा जखम होऊन गेली असेल तर दर एक ते तीन महिन्यांनी. लाखभर मधुमेहींमागे हे अंतर पाळायला किती पोडिएट्रिस्ट लागतील याचा हिशोब केला की खालच्या पायऱ्यांवाचून गत्यंतर नाही हे दिसते. पैशांचा आक्षेप मात्र मला आक्षेपच वाटत नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना रुग्णालयात दाखल झालेल्यासाठी आहे. पाय कापायची वेळ आली की सरकार खर्च उचलते, त्याआधीच्या चपलेचा नाही. पाय गेल्यावर कृत्रिम पायांच्या वाटपाची शिबिरे होतात, व्हीनस चौकात त्यांचे बॅनर लागतात. वाचलेल्या बोटाचा बॅनर लावता येत नाही, हे राजकारणाच्या बाजूने समजण्यासारखे आहे, पण खर्चाच्या बाजूने नाही. कुष्ठरोग कार्यक्रमात बधिर पायाला एमसीआर चप्पल मोफत मिळते आणि झिजली की नवी मिळते. त्या चपलांचे मागणीपत्र जिल्ह्याकडून जाते, त्यात लाभार्थीच्या रोगाच्या नावाऐवजी तपासणीत बधिर निघालेला पाय एवढीच अट लिहिली, आणि आशाच्या अर्जावरचे साखर व मुंग्या हे दोन रकाने महापालिकेने एकाच यादीत उतरवून घेतले, तर कॅम्प ४ च्या बॅरेकवार नोंदींवरून पहिली यादी एका पावसाळ्याच्या आत तयार होऊ शकते. चपला मागाहून येणार असतील तर यादी थांबवावी. चपला आधी, यादी नंतर.